चाळीस पावलं

"आत्या, आबांची दुनळी अजून आहे न्हवं आपल्यात?"

रविवारची संध्याकाळ होती. भाच्याकडं, अमेरिकेत मिनेसोटात, सकाळ. इतक्या वर्षांत त्यानं बंदुकीचा विषय कधी काढला नव्हता, त्यामुळं मी आधी घाबरलेच. पण गोष्ट साधी होती. दोन हिवाळे तो ऑफिसातल्या एका मित्राबरोबर बदकांच्या शिकारीला जातोय. तिथला नागरिक झालाय, बंदूक हाताळण्याचा सक्तीचा कोर्स पुरा केलाय, परवाना काढलाय. आजवर मित्राची जुनी बंदूक वापरली, आता स्वतःची घ्यायची आहे.

"दुकानात गेलो तर भिंतभर टांगल्यात. पंपाची, ऑटोमॅटिक, शेजारीशेजारी नळ्यांची, एकावर एक नळ्यांची. विकणारा पोरगा घडाघडा बोलतोय, मला काय कळंना. मग म्हटलं, आबांचीच इकडं आणता येईल काय? नाहीतर तू सांग, काय घेऊ."

मला विचारायला कारण होतं. आबांच्या मागून तळ्यावर गेलेली, घरात आता मी एकटीच उरले आहे. भाऊ, म्हणजे याचा बाप, बंदुकीच्या आवाजानं लहानपणी थरथरायचा, म्हणून आबा त्याच्याऐवजी मला उठवायचे. मी १९६२ सालची. आठव्या वर्षापासून तीन हिवाळे मी त्यांच्याबरोबर कागल तालुक्यातल्या आमच्या गावच्या तळ्यावर पहाटे चारला जाऊन बसले. काडतुसांची पिशवी माझ्या खांद्यावर, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही ही एकच अट.

"तुझं पाऊल केवढं आहे?" मी त्याला विचारलं.

"म्हणजे? बुटाचा नंबर?"

"चालताना पडतं ते. आधी ते मोज. बंदुकीचं नंतर बघू."

हे मी आबांचंच त्याला सांगितलं. बंदूक कोणती घ्यायची हा प्रश्न दुकानात सुटत नाही, पाण्याच्या काठावर सुटतो. आपण किती लांबच्या पक्ष्यावर बार टाकणार आणि कितीच्या पलीकडं टाकणार नाही, हे आधी ठरवायचं. नळीची लांबी, चोक म्हणजे नळीचं तोंड किती आवळलेलं ते, छर्ऱ्याचा नंबर, अंगावरचा कोट, लपायची जागा, सगळं त्यानंतर आपोआप ठरत जातं. आबांना हे कळायला एक वाईट बार टाकावा लागला. तो मी पाहिला आहे.

आधी बंदुकीबद्दल. बाराबोर, बर्मिंगहॅमची, शेजारीशेजारी दोन नळ्यांची. एका जुन्या सरदार घराण्याचं सामान निघालं तेव्हा आबांच्या वडिलांनी ती घेतली. नळ्यांच्या पोटाशी मुकुटाच्या बारीक मोहोरा आहेत, अजून बोटाला लागतात. 'बाराबोर' म्हणजे काय, हे आबांनी मला गुळाच्या गोळ्या वळून समजावलं होतं: एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक ज्या नळीत नेमका बसतो ती बाराबोर. आजच्या मापात साडेअठरा मिलिमीटर. वीस बोरचे गोळे वीस, म्हणून ती नळी लहान. आकडा वाढला की नळी बारीक होते, हे उलटं गणित मला शाळेच्या आधी घरी कळलं.

बंदूक साहेबाच्या मापाची, आबा बुटके. खांद्याला लावली की दस्ता काखेत अडकायचा आणि गाल जरा मागं पडायचा. त्यांनी सुताराला घरी बोलावलं आणि दस्त्याचा अर्धा इंच कापून घेतला. अक्रोडाचं ते लाकूड कापताना सुताराचा हात थांबत होता, आणि आबा म्हणत होते, "काप तू. बंदूक कोपरीसारखी अंगाला बसली पायजे. दुसऱ्याची कोपरी घालून कुस्ती होत न्हाई." कापलेला तुकडा आजीनं देवघराच्या दाराला पाचर म्हणून लावला. ते दार अजून त्यानंच अडवतो.

छर्ऱ्याच्या बंदुकीला रायफलीसारखी नेम धरायची मागची खाच नसते. पुढं नळीच्या टोकाशी फक्त माशी, म्हणजे बारीक मणी. मागची खाच म्हणजे आपला डोळा, आणि डोळा जागेवर येतो तो गाल दस्त्यावर बरोबर टेकला तर. म्हणून दुकानात करायची परीक्षा मी भाच्याला सांगितली: बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री कर, भिंतीवरचा एक ठिपका बघ, डोळे मीट, बंदूक खांद्याला लाव, मग डोळे उघड. माशी ठिपक्यावर असेल आणि नळ्यांवरून नजर सपाट जात असेल तर ती तुझी. मान वाकवावी लागली, ताणावी लागली, तर किंमत कितीही कमी असो, ठेवून दे. आणि ही परीक्षा हिवाळ्याचा जाड कोट घालून कर. सदऱ्यावर बरोबर बसलेली बंदूक कोटावर लांब पडते आणि ऐन वेळी काखेत अडकते. हे तिथं उणे तापमानात लगेच कळेल. आमच्याकडं आबांच्या अंगावर घोंगडं असायचं, म्हणून त्यांनी माप घेतलं तेही घोंगडं पांघरून.

आता नळ्या. आबांच्या बंदुकीला चाप दोन. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. उजवी जरा मोकळी, डावी तोंडाशी आवळलेली. हा आवळा म्हणजे चोक. पक्षी जवळून उठला तर उजवी, कारण छर्रे लवकर पसरायला हवेत. लांबून निघाला तर डावी, कारण छर्रे एकत्र राहायला हवेत. नळी निवडायला फक्त एक बोट सरकवायचं. पुढं तोंडाशी आट्यांनी बसणारे सुटे चोक आले, एकाच नळीला चार प्रकारचे लावता येतात. सोय मोठी आहे, पण पक्षी हवेत असताना चोक बदलता येत नाही, दुसरा चाप मात्र दाबता येतो. या एका गोष्टीसाठी जुन्या दुनळीबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

नळी काय करते हे आबा ऐकीव माहितीवर सोडायचे नाहीत. दिवाळीनंतर, हंगामाच्या आधी, आजी कणकेची खळ करून द्यायची. वर्तमानपत्रं चिकटवून आम्ही दाराएवढा कागद करायचो आणि तो माळावर दोन बांबूंना ताणून बांधायचो. आबा चाळीस यार्डांवर जाऊन बार टाकायचे. मग कागद अंगणात पसरायचा. जिथं भोकं जास्त दाट, तिथं मध्य धरून पंधरा इंच सुतळी आणि कोळशानं गोल काढायचा, म्हणजे तीस इंचांचं रिंगण. आतली भोकं मी मोजायची. एकेक मोजलं की लाल पेन्सिलीची रेघ. इंग्लिश मापाच्या ६ नंबरचे छर्रे एका औंसात २७० च्या आसपास भरतात, ४ नंबरचे १७०. पूर्ण चोक असलेल्या नळीनं चाळीस यार्डांवर त्यातले सत्तर टक्के रिंगणात टाकायला हवेत, साध्या मोकळ्या नळीकडून चाळीस टक्क्यांची अपेक्षा. मी आकडा सांगितला की आबा वहीत लिहायचे, पण त्यांचं खरं लक्ष आकड्यावर नसायचं. ते रिंगणातल्या रिकाम्या जागा शोधायचे. तळहात ठेवायचे. "हितं बग. एवढ्या भोकातनं चक्रांग सुखरूप जातंय." चक्रांग म्हणजे हिवाळ्यात येणारं लहानखुरं बदक, पारव्यापेक्षा थोडंच मोठं. मग तोच कागद साठ यार्डांवर. तिथं रिंगणात भोकं इतकी विरळ पडायची की मला मोजायला दोन मिनिटंही लागायची नाहीत.

हे सगळं त्यांना ठाऊक होतं. कागद त्यांनी स्वतः पाहिला होता. तरी तो बार त्यांनी टाकला.

जानेवारी १९७१. संक्रांत झाली होती. त्या दिवशी धुकं उशिरापर्यंत होतं आणि आमच्या हाताला काही लागलं नव्हतं. परतायच्या बेतात असताना तलवार बदकांचा एक थवा बाभळीच्या खुंटाच्या बाजूनं आला. लांब मान, टोकदार शेपटी, पांढरी छाती. धुक्यात सगळं जवळ वाटतं. आबा उठले, मागचा चाप ओढला, आणि थव्यातला एक नर गोळा होऊन पडला नाही. तो तिरपा झाला. एक पंख लटकला, दुसऱ्यानं तो हवेतच वल्हं मारल्यासारखा करत पाणकणसाच्या बेटात उतरला.

त्याला शोधायला आबा काहिलीत बसून गेले. गुऱ्हाळातली गुळाची काहिल ही आमच्याकडची होडीच, आजही पुराच्या वेळी माणसं काहिलीतून पाणी ओलांडतात. ते दोन तास पाणकणसात काठी घालत फिरले. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी कुत्रा घेऊन गेले. चौथ्या दिवशी तो सापडला, काठावर, चिखलात, जिवंत. पंखाचं हाड मोडलेलं आणि छातीचं हाड चाकूच्या पात्यासारखं वर आलेलं. चार दिवस त्यानं काही खाल्लं नसावं. आबांनी मान पिरगाळली ते मी पाहिलं. त्यांनी तो घरी आणला नाही, तिथंच पुरला. वाटेत ते बोलले नाहीत, आणि मीही नाही. या वेळी अट होती म्हणून नव्हे.

मे महिन्यात तळं आटलं. एके दिवशी उन्हं उतरल्यावर आबा मला घेऊन तिथं गेले. तळाच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या, त्यात शिंपले होते. आम्ही बसायचो त्या दगडापाशी ते उभे राहिले आणि बाभळीच्या खुंटाकडं सरळ चालत निघाले. मी मागून मोठ्यानं आकडे म्हणत होते. आबा बुटके असले तरी चाल लांब होती, एक पाऊल म्हणजे जवळजवळ एक यार्ड. खुंटाशी पोचले तेव्हा आकडा त्रेसष्ट झाला होता.

ते खुंटाला हात लावून थोडा वेळ थांबले. मग परत दगडाशी आले, चाळीस पावलं मोजली आणि तिथं एक काठी रोवली. दुसऱ्या दिशेला चाळीस, दुसरी काठी. अशा पाच काठ्या, दगडाभोवती अर्ध्या रिंगणात. घायपाताचे उंच दांडे होते, पाणी भरल्यावरही हातभर वर राहतील असे. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्यावर खंड्या येऊन बसायचा. काठ्यांच्या अलीकडं पक्षी आला तर बार. पलीकडं कितीही मोठा थवा येऊ दे, कितीही खाली येऊ दे, बंदूक मांडीवर. तो सबंध हंगाम मी पाहिला, एकदाही ती मांडी हलली नाही.

पुढं मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, तेव्हा हे गणित फळ्यावर मांडायचे. छर्रे नळीतून सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास वेगानं निघतात, पण ते गोल आणि हलके, हवा त्यांना झपाट्यानं रोखते. चाळीस यार्ड जायला सेकंदाचा साधारण आठवा भाग लागतो. तेवढ्यात ताशी साठ किलोमीटरनं उडणारं बदक दोन मीटर पुढं गेलेलं असतं. म्हणजे नेम पक्ष्यावर धरायचा नाही, त्याच्या पुढच्या रिकाम्या हवेवर, माणसाच्या उंचीएवढ्या अंतरावर धरायचा, आणि चाप ओढल्यावरही नळ्या फिरत ठेवायच्या. अंतर वाढलं की हा अंदाजही वाढतो, छर्रेही विरळ होतात आणि त्यांचा जोरही कमी होतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी बिघडतात.

कोल्हापूरला नेमबाजी नवी नाही. २०१० मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेती झाली, २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्य आणलं, तेव्हा मी टीव्हीसमोर अक्षरशः रडले. पण त्यांचा खेळ ५० मीटरचा, लक्ष्य हलत नाही आणि अंतर नियमानं ठरलेलं. पाण्यावर अंतर पक्षी ठरवतो. तुमच्या हातात फक्त नाही म्हणणं असतं.

बाकी सामानाबद्दल भाच्यानं खूप विचारलं, आणि खरं सांगायचं तर त्यात मला फार सांगण्यासारखं नव्हतं. आबांकडं होतं काय? पट्टणकोडोलीच्या बाजाराहून आणलेलं काळं घोंगडं, कारण लोकर भिजली तरी ऊब देते आणि झाडीत दिसत नाही. बसायला गोणपाट. चपला बांधावर काढून अनवाणी चिखलात. फडक्यात भाकरी आणि खर्डा. त्याच्याकडं छातीपर्यंतचे रबरी वेडर, म्हणजे बुटांसकट विजार, आहेत, आणि ते हवेतच; तिथलं पाणी ऑक्टोबरातही माणसाला काही मिनिटांत गारठवतं. त्यावर कमरेचा पट्टा घट्ट बांधायला मात्र मी बजावलं, घसरला तर आत पाणी भरू नये म्हणून. फसवी बदकं पाण्यावर मांडायची, तोंडानं बदकाची हाक वाजवायची, हे त्याचं त्यानंच मला शिकवलं. चेहरा झाकायला मात्र विसरू नको म्हटलं. वरून जाणाऱ्या बदकाला आपला कोट दिसत नाही, वर बघणारा उजळ चेहरा दिसतो. आबा घोंगड्याची खोळ भुवयांपर्यंत ओढायचे आणि मान न उचलता डोळे फिरवायचे.

एका वस्तूबद्दल सांगायलाच हवं. ती वाटी.

शिकार घरी आली की आजी चुलीवर वेगळं भांडं ठेवायची. जेवताना प्रत्येक ताटाशेजारी एक छोटी पितळी वाटी. रस्सा खाताना दाताखाली छर्रा आला की तो वाटीत टाकायचा, टण्ण आवाज व्हायचा. आम्हा पोरांची त्यावर शर्यत असायची. एकदा आजी बदक साफ करत होती. खडे साठवून दाणे दळणारी त्याची जाड पिशवी चिरली तेव्हा आतल्या वाळूत आणि खड्यांत एक छर्रा सापडला, झिजून चपटा आणि आरशासारखा चकचकीत झालेला. त्या पक्ष्याला तिथं जखम नव्हती. "ह्यो कुठनं आला?" आजीनं विचारलं. आबांनी तो बोटांत धरून बराच वेळ बघितला. उत्तर त्यांच्याकडं नव्हतं.

ते मला कितीतरी वर्षांनी वाचताना मिळालं. बदकांना दात नाहीत, ती दाणे दळण्यासाठी तळाची वाळू आणि खडे गिळतात. शिकाऱ्यांच्या बारांतला बराचसा छर्रा पक्ष्याला लागतच नाही, तो तळ्याच्या चिखलात जाऊन बसतो, वर्षानुवर्षं. बदक तो खडा समजून गिळतं. तो पोटात दळला जातो आणि शिसं रक्तात उतरतं. पंख ढिले पडतात, पक्षी खंगतो आणि महिनाभरात मरतो. अशी बदकं खाऊन गरुडही मेले. अमेरिकेनं पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद केले. युरोपीय संघानं पाणथळ जागांवर ते २०२३ पासून बंद केले. आमच्या तळ्याच्या गाळात आबांच्या वडिलांच्या काळापासूनचं शिसं पडलेलं असणार. काठीच्या अलीकडं टाकलेल्या बारातलंही. हे आबांना कळलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, हा विचार मी अनेकदा करते.

म्हणूनच मी भाच्याला म्हटलं, आबांची बंदूक तुला उपयोगाची नाही. परवान्याच्या भानगडी सोडून दे. तिथं बिनविषारी छर्रेच वापरावे लागतात, आणि सगळ्यांत स्वस्त पर्याय पोलादाचा. पोलाद कठीण असतं. शिसं आवळलेल्या तोंडातून जाताना दबतं, पोलाद दबत नाही. जुन्या पातळ नळीला ओरखडे पडतात, चोकपाशी ती फुगू शकते. दुसरं कारण अधिक धोक्याचं. आबांच्या बंदुकीचं घर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, अडीच इंची काडतुसाचं, आजची काडतुसं बहुतेक पावणेतीन आणि तीन इंची. यातला फसवा भाग असा की पावणेतीन इंची काडतूस त्या घरात सहज बसतं, कारण हे माप काडतूस उडाल्यावर उलगडलेल्या लांबीचं असतं. बार उडतो तेव्हा तोंडाची घडी पुढच्या निमुळत्या भागात उघडते, वाट अडते आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चालतं असं समजून जुन्या बंदुका लोकांच्या हातात फुटल्या आहेत. त्याला मी सांगितलं, कोणतीही जुनी बंदूक हाती आली तर नळीवरचा घराचा आकडा वाचल्याशिवाय काडतुसांचं खोकं उघडूसुद्धा नको.

शिवाय आमच्या बंदुकीची डावी नळी आता धड नाही. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला, आणि एका निवडणुकीत नियमाप्रमाणे ती जमा केली. जिथं ठेवली होती त्यांनी ती ओल्या भिंतीला टेकवून ठेवली असावी. परत मिळाली तेव्हा नळीत गंजाचे खड्डे पडलेले. आबा दर बारानंतर गजाला फडकं गुंडाळून, तेल लावून नळी उजेडाकडं धरायचे, आतली रिंगणं मोजत असल्यासारखे. त्या नळीतून उजेड बघताना मला जे वाटलं ते मी इथं लिहीत नाही.

मग घ्यायचं काय? मी म्हटलं, तुझं तळं काय सांगतं? लव्हाळ्यातली लपण, चिखल, बर्फाळ पाणी, चाळीस यार्डांच्या आतले पक्षी. मग बाराबोर, तीन इंची घर, २८ इंची नळी, दस्ता लाकडी नको, प्लास्टिकचा घे, तो पाण्यानं फुगत नाही. पहिली बंदूक पंपाची असू दे. रेमिंग्टन ८७० सारखी, १९५० सालापासून चालत आलेली साधी रचना. हातानं मागंपुढं करायची, चिखल गेला तरी धुऊन चालते. ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी, खांद्याला सौम्य असते हे खरं, पण तिची निगा जास्त, आणि थंडीत तेल घट्ट झालं की पहिली कुरकुर तीच करते. तीही पुढं घे, हात बसल्यावर. तिथं १९३५ पासून नियम आहे की पाणपक्ष्यांसाठी बंदुकीत तीनच काडतुसं बसली पाहिजेत, म्हणून मॅगझिनमध्ये अडसर घालतात. तो काढू नको. खरं तर मला वाटतं दोनच पुरेत. तिसरा बार बहुधा लांब गेलेल्या पक्ष्यावर पडतो.

पोलाद शिशापेक्षा हलकं, घनता ७.८, शिशाची ११.३. म्हणून छर्रा दोन नंबर मोठा घ्यायचा; नंबर लहान, तितका छर्रा मोठा. शिशाचा ४ वापरला असता तिथं पोलादाचा २. आणि पोलाद पसरतं कमी, त्यामुळं चोक मोकळा. एवढं झालं की कागद चिकटव आणि मोज. त्यासाठी दुकानात तयार कागद मिळतात म्हणाला. मी म्हटलं, खळ कर.

इथली गोष्ट वेगळी. आबांच्या काळात मुंबई राज्याच्या १९५१ च्या कायद्याखाली शिकारीचा परवाना मिळायचा. १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्यानं चालणारी उरलीसुरली शिकारही संपली. ते योग्यच झालं, हे मी बंदुकीच्या घरात वाढूनही म्हणते. भरतपूरच्या केवलादेवला दगडात कोरलेली यादी आहे. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तिथं कुणी पावलं मोजली असतील असं मला वाटत नाही. आबांनी १९७२ नंतर तळ्यावर जाणं सोडलं नाही, बंदूक नेणं सोडलं. घोंगडं घेऊन त्याच दगडावर बसायचे.

मी आता रंकाळ्यावर आणि कळंब्याला जाते, ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण घेऊन. तीही मी आबांच्या पद्धतीनं घेतली, डोळ्यांचं अंतर जुळवून, पहाटेच्या अंधुक उजेडात बघून. दहापट मोठं दाखवणारी होती, पण तिच्यात माझ्या हाताचा कंप दिसायचा. कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे वारकरी पक्षी पाण्यावर थव्यानं असतात. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते तेव्हा मोजायला बसते. हळदी-कुंकू आणि थापट्या ही बदकं, एखाद्या वर्षी हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब. थवा उठला की हात अजून पुढच्या रिकाम्या हवेकडं सरकतो, दोन मीटर.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. मागं वाऱ्याचा आवाज, बोलणं दबक्या सुरात. पंपाचीच घेतली होती. फसव्या बदकांतलं सगळ्यांत लांबचं त्यानं बरोबर चाळीस यार्डांवर सोडलं होतं, खूण म्हणून. सकाळी हिरव्या डोक्यांच्या मॅलार्डचा मोठा थवा आला आणि त्या शेवटच्या बदकाच्या पलीकडून, पाण्याला लागून, निघून गेला. मित्रानं बार टाकले. यानं नाही.

"आणि आत्या, पाऊल मोजलं. पार्किंगमध्ये टेप लावून. आबांच्या चाळीसला माझी सेहेचाळीस भरतात."

"वेडर घालून मोजलंस का?"

तो थांबला. "न्हाई."

"मग परत मोज," मी म्हटलं.